शिंकं आणि मनी

पोलादपूरकडच्या जुन्या घरांत मांजराला वळण लावायचं काम माणसांकडे नसायचंच. ते शिंक्याकडे असायचं. आढ्याला टांगलेल्या काथ्याच्या शिंक्यात दह्याचं मडकं आणि सुकटीची टोपली. मांजर खालून अंदाज घ्यायचं, शेपूट हलवायचं आणि मुकाट चुलीच्या उबेला जाऊन बसायचं. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, या म्हणीत बोक्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत हे मला फार आवडतं. चूक शिंक्याची, बोका आपला स्वभावाला जागला.

आता स्लॅबचं घर, स्वयंपाकाचा उघडा ओटा. मनी आली ती ऐन आषाढात. बाहेर धारा लागलेल्या, सावित्री दुथडी. अंगणात जाणार कशी? तिने न्हाणीतल्या चुलीची राख पसंत केली. मांजराला मऊ, कोरडं आणि उकरता येईल असं काही लागतं. चुलीसारखी सोय तिला दुसरी कुठे मिळणार! काकू झाडू घेऊन धावली. मनी पळाली, पण तिने धडा घेतला तो एवढाच, की काकू घरात असताना चुलीत जायचं नाही. मारापासून मांजर गुन्हा ओळखायला शिकत नाही, मारणाऱ्याला ओळखायला शिकतं.

मग पडवीच्या कोपऱ्यात, जेवणाच्या ताटलीपासून लांब, एका घमेल्यात कोरडी वाळू घातली आणि वर तीच ओळखीची राख भुरभुरवली. चुलीवर पत्रा टाकला. खाणं झालं की, झोपेतून उठली की, पिल्लू उचलून घमेल्यात ठेवायचं, बस्स. राख पुढे हळूहळू कमी केली. घमेलं रोज साफ मात्र करायला हवं. घाण साठली की मांजर दुसरी जागा शोधतं, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

चावण्याचं प्रकरण निराळं. पिल्लं एकमेकांशी कुस्ती खेळतात तेव्हा जोरात चावलेलं भावंड ओरडतं, खेळ मोडतो, आणि दात किती रुतवायचे ते तिथे कळतं. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ असावं. बारा झाले तर उत्तमच. मांजरी पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवते म्हणतात. फिरवू द्यावीत. लवकर उचलून आणलेल्या पिल्लाला हे शिकवायला आपल्याला भावंड व्हावं लागतं: चावलं की हात स्थिर ठेवायचा, खेळ थांबवायचा, उठून जायचं. खेळायला बोटं द्यायचीच नाहीत, दोरीचं टोक द्यायचं.

नखांना काही इलाज नाही. नखांवरची जुनी टरफलं काढायला आणि पंजाचा वास मागे ठेवायला मांजर ओरबाडणारच. पूर्वी त्याला पडवीचा लाकडी खांब होता, आता मुंबईहून आलेला सोफा आहे. माळ्यावर पडलेलं जुनं शिंकं उसवून त्याचा काथ्या एका ओंडक्याला घट्ट गुंडाळला आणि ओंडका सोफ्याच्या शेजारीच उभा केला. काथ्या तिला कापडापेक्षा बरा वाटला.

गणपतीत चाकरमानी आले. "मोदक झाका गं, मनी बसलीय!" म्हणून एकच ओरडा. मोदकाला तिच्यापासून भय नव्हतं. मांजराला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारं जनुकच त्याच्यात बिघडलेलं असतं, हे 2005 साली संशोधकांनी दाखवलं. भय होतं ते तुपाच्या वाटीला, आणि ती उघडीच होती. काकूची सासू देवापुढून न उठता म्हणाली, "मांजराला काय ओरडतेस? वाटीवर झाकण ठेव."

तिन्हीसांजेला मात्र मनी घरात हवी. तीच तिची शिकारीची वेळ, आणि मुंबई-गोवा महामार्ग हाकेच्या अंतरावर; तिथल्या गाड्या मांजरासाठी थांबत नाहीत. नुसती हाक तिला पोचायची, पटायची नाही. म्हणून सुकटीचा पत्र्याचा डबा वाजवायचा आणि ती उंबऱ्यात आली की त्याच क्षणी चिमूटभर सुकट पुढ्यात टाकायची, असं सुरू केलं. उशीर झाला तर बक्षीस कशाचं हे तिला कळत नाही. आता डबा वाजला की ती भाताच्या खाचरातून उड्या मारत येते. तिच्यामागून वाडीतले दोन बोकेही येतात, त्यांना कुणीच शिकवलेलं नाही. काकू त्यांनाही सुकट टाकते आणि महाडच्या बाजारात सुकटीचा भाव वाढला म्हणून माझ्यावर डाफरते.