कमी उंचीचं छत

स्टँड-अप कॉमेडीच्या ओपन माइकची खोली लहान असावी आणि तिचं छत खाली असावं. उंच सभागृहात हसू वर जातं आणि विरतं, शेजारच्याला लागत नाही. छत खाली असलं, खुर्च्या खेटून मांडल्या असल्या की एकाचं हसू दुसऱ्याच्या अंगावर येतं आणि तोही हसतो. प्रेक्षकांवर अंधार हवा. उजेडात माणूस हसण्याआधी आजूबाजूला पाहून घेतो, आणि तेवढ्यात हसू निघून जातं.

अंधेरी पश्चिमेला एका कॅफेच्या पोटमाळ्यावर अशी खोली आहे. दिवसा तिथे नाचाचा क्लास चालतो. भिंतभर आरसा आहे, संध्याकाळी त्यावर काळा पडदा ओढतात. खालच्या कॉफी मशीनने वाफ सोडली की बोलणारा थांबतो, आवाज बसला की पुढचं वाक्य घेतो. पहिली रांग रिकामीच असते. होस्टचं पहिलं काम म्हणजे मागे बसलेल्यांना गोडीगुलाबीने उठवून पुढे आणणं. मागच्या भिंतीशी कॉमिक उभे असतात, फोनमध्ये पाहून आपला सेट पुटपुटत. ते फारसे हसत नाहीत. नव्या माणसाला तो हेवा वाटतो, पण तसं नसतं. ते ऐकत असतात: कुठे श्वास घेतला, कुठे वाक्य लांबलं, कुठला शब्द जड झाला.

कित्येक वर्षांनी मी या भिंतीशी उभी राहिले. स्टेज सुटलं कधी ते नेमकं आठवतं. मार्च २०२० मध्ये सगळ्या खोल्या बंद झाल्या आणि आम्ही झूमवर गेलो. घरोघरचे कुकर आणि टीव्ही ऐकू येऊ नयेत म्हणून प्रेक्षकांचे माइक बंद ठेवायचे. चौकटीत तोंडं हसताना दिसायची, आवाज नसायचा. त्या शांततेत मला कळलं की विनोद मी एकटी लिहीत नव्हते. मी अर्धा लिहायचे, उरलेला खोली लिहायची. ती नसल्यावर माझ्या हातात नुसती वाक्यं राहिली. मग आईचं आजारपण आलं, घर आलं, आणि वही कपाटात गेली.

परतल्यावर विनोद आठवतील का याची काळजी होती. ते आठवले, पण बरेचसे निकामी झाले होते, कारण ज्या शहरावर ते केले होते ते शहर बदललंय. कान परतायला मात्र वेळ लागतो. हसू उसळतं, माथ्यावर पोचतं आणि ओसरू लागतं. ते पुरतं ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं असतं. लवकर टाकलं तर हशात बुडतं, उशिरा टाकलं तर खोली थंडावलेली असते. हा अंदाज डोक्यात नसतो, शरीरात असतो, पोहण्यासारखा. आणि तो घरी आरशासमोर येत नाही. पाण्यातच उतरावं लागतं.

पाच मिनिटं मिळतात. चार झाली की मागून कुणीतरी फोनचा टॉर्च दाखवतो. याला इथे ‘लाइट’ म्हणतात आणि तो पाळणं ही शिस्त आहे, कारण तुम्ही घेतलेलं जास्तीचं मिनिट यादीतल्या शेवटच्या माणसाचं असतं. लंडनच्या सोहो भागात १९७९ मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं तेव्हा ही व्यवस्था कठोर होती: लोक कंटाळले की घंटा वाजायची आणि कलाकाराने खाली उतरायचं. त्याच कॉमेडी स्टोअरची मुंबईतली शाखा २०१० मध्ये लोअर परळला निघाली, फिनिक्स मिलच्या आवारातल्या मॉलमध्ये. आम्ही त्याच भागातले. माझे आजोबा गिरणीत होते. मुंबईत स्टँड-अप त्या कॉमेडी स्टोअरमधून रुजलं असं बोललं जातं, आणि इंग्रजी-हिंदी स्टँड-अपपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण एकट्या माणसाने समोरच्या गर्दीला बोलण्यात ओढायचं, पुढारी, महागाई, पहिल्या रांगेतला फेटेवाला, सगळ्यांना जागच्या जागी घ्यायचं, हे तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. नायगावच्या चाळीत वाढलेल्या दादा कोंडक्यांनी वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये तेच केलं. संहिता होती, पण त्या दिवसाची बातमी त्यात सहज शिरायची. आज ज्याला क्राउडवर्क म्हणतात त्याचे आमच्याकडचे उस्ताद हे होते. मराठीत बोलायला उभी राहते तेव्हा हे माझ्या पाठीशी आहेत असं मला मनापासून वाटतं.

खोलीची हवा बदलली आहे हेही सांगायला हवं. प्रत्येकाचा ट्रायपॉड असतो. सेट चांगला झाला का, यापेक्षा त्यातून रील निघेल का, हा प्रश्न मोठा झालाय. काही मुलं लिहिलेलं बाजूला ठेवून पहिल्या रांगेला नाव-गाव विचारत राहतात, कारण त्याच्या क्लिपा चालतात. मला याचं वाईट वाटतं. कच्चा विनोद पडण्यासाठी ही खोली आहे, आणि कॅमेऱ्यासमोर पडायला कुणी धजत नाही. भीतीही आहे. मार्च २०२५ मध्ये खारच्या ‘हॅबिटॅट’ या कॉमेडीच्या ठिकाणाची एका राजकीय विनोदावरून तोडफोड झाली आणि ती जागा बंद करावी लागली. कितीतरी जणांनी आपली पहिली पाच मिनिटं तिथे केली होती. तेव्हापासून होस्ट सुरुवातीलाच प्रेक्षकांना शूटिंग न करण्याची विनंती करतो आणि पोरं एकमेकांना विचारतात, ‘हे बोलू का?’ विनोद हसवेल का, हे विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा लागणं ही या शहराच्या दृष्टीने दुःखाची गोष्ट आहे.

मी सध्या आईवर बोलते. आमची चाळ पाडून टॉवर झाला. घर मोठं मिळालं, गॅलरी गेली. चाळीत दार उघडलं की माणूस दिसायचा. टॉवरमध्ये माणसं भेटतात ती फक्त लिफ्टमध्ये. म्हणून आई लिफ्टमध्ये जाऊन बसते. बसायला तिने घरातलं स्टूल नेऊन ठेवलंय. पुढे मी बरंच लिहिलं होतं: लिफ्टमधली भाजी निवडणं, सातव्या मजल्यावरची भांडणं, सोसायटीची नोटीस. पण खोली स्टुलावरच हसली, आणि ते हसू मला अनोळखी होतं. त्यात थोडी हळहळ होती. बऱ्याच जणांच्या घरी अशी गॅलरी गेलेली असणार. मग मी पुढचं बरंचसं काढून टाकलं. वाक्यही फिरवलं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि हसू फुटायच्या क्षणी ‘नेऊन ठेवलंय’ आड येतं. आता मी म्हणते, ‘आईने घरातून आणून ठेवलंय एक स्टूल.’ आणि थांबते.

शो संपल्यावर जिन्यात माझ्याहून खूप लहान असलेल्या एका मुलाने मला गाठलं.

‘ताई, रात्री त्या स्टुलावर कोण बसतं?’

‘कुणी नाही.’

‘वॉचमन बसवा ना. सकाळी काकू त्याच्यासाठी चहा घेऊन येतील.’

‘म्हणजे आईला गॅलरी मिळाली,’ मी म्हटलं.

‘हां, आणि वॉचमनला सासू!’ त्याच्या मागून उतरणारी मुलगी म्हणाली.

या धंद्यात याला टॅग देणं म्हणतात. आपल्याला सुचलेलं दुसऱ्याच्या विनोदाला जोडून द्यायचं, नाव न लावता. स्टेशनला जाताना एका रिक्षात आम्ही तिघं होतो. सासू ठेवायची की काढायची यावर तिघांचं एकमत होईना, तेव्हा मी पुढच्या मंगळवारच्या यादीत नाव टाकलं.