ओळखीचे दोन तारे

आजीला नावानिशी ओळखता येणारे तारे पंधरा-वीस असतील, त्याहून जास्त नाहीत. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यात उन्हाळ्यात अंथरुणं पडायची आणि ती पडल्या पडल्या हात वर करून एकेक दाखवायची. सप्तर्षी तिच्या लेखी म्हातारीचं खाटलं होतं. चार तारे खाटल्याचे खूर, आणि मागचे तीन ते पळवायला आलेले चोर. मधल्या चोराला चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती. तिच्याबद्दल मात्र आजी जपून बोलायची, कारण लग्नाच्या रात्री तिला तो तारा दाखवला होता. ध्रुव आमच्या खळ्यातून कधीच दिसला नाही. तिथे तो जेमतेम अठरा अंश वर असतो आणि उत्तरेला डोंगर होता. "डोंगराआड आहे, पण आहे तिथंच," असं ती सांगायची. पावसाळा सरत आला की पहाटे हलवून उठवायची, दक्षिणेला माडांच्या शेंड्यांवर अगस्ती दाखवायला. "अगस्ती आला रे, आता व्हाळाचं पाणी निवळेल."

या पंधरा-वीस नावांवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहील, हे तेव्हा तिला किंवा मला कळण्यासारखं नव्हतं.

नोकरीसाठी डोंबिवलीला आलो. तिथे मित्रांबरोबर सहा इंची आरसा घासला. आधी कार्बोरंडम, मग त्याहून बारीक, मग अजून बारीक, शेवटी डांबरावर सेरियम ऑक्साइड. प्लायवूडच्या खोक्यात ती दुर्बीण बसवली आणि वांगणीला नेऊ लागलो. संध्याकाळच्या कर्जत लोकलने जायचं, रात्रभर आकाश बघायचं, पहाटेच्या पहिल्या गाडीने परत. त्या दुर्बिणीला मोटर नव्हती. ओळखीच्या ताऱ्यावरून अंदाजाने सरकत सरकत हवी ती वस्तू गाठायची. कर्क तेजोमेघ, म्हणजे 1054 साली चिन्यांनी ज्याचा स्फोट पाहून नोंदवला त्या ताऱ्याचे अवशेष, मी दोन हिवाळे शोधला. सापडला नाही.

2008 च्या जानेवारीत परदेशातल्या भाच्याने पाच इंची, संगणक असलेली दुर्बीण आणून दिली. हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये 40,000 हून जास्त वस्तूंचे पत्ते भरलेले. 9 फेब्रुवारीला, शनिवारी, ती घेऊन वांगणीला गेलो. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. आठ वाजता तारीख, वेळ, ठिकाण भरलं, तर ओळख पटवण्यासाठी यंत्राने तारे सुचवले ते अभिजित, श्रवण, ज्येष्ठा, स्वाती. डोक्यावर रोहिणी लखलखत होती, मृग उंच चढला होता, आग्नेयेला व्याध होता, आणि हे मला भाद्रपदातलं आकाश दाखवू पाहत होतं. मी थबकलो. नावं इंग्रजी होती, पण तारे आजीचे होते आणि ते माघातले नव्हते. मग तारीख पुन्हा वाचली. 09/02 मी भरलं होतं फेब्रुवारीसाठी. यंत्र महिना आधी वाचत होतं. त्याच्या हिशेबी तो दिवस 2 सप्टेंबर होता.

तारीख सुधारली तर वेळेचा पेच आला. त्या कंट्रोलरमध्ये वेळेचे पट्टे पूर्ण तासांचेच होते, आणि आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे अर्ध्या तासाच्या चुकीत साडेसात अंश जातात. मूठ समोर धरली तर जवळजवळ मुठीएवढं आकाश. उपाय सोपा निघाला. पट्टा पाचचा निवडायचा आणि यंत्राचं घड्याळ अर्धा तास मागे लावायचं.

एवढं सगळं बरोबर भरल्यावरही यंत्र आंधळंच असतं, हे मला त्या रात्री नीट समजलं. प्रत्येक वस्तूचा पत्ता त्याच्याकडे असतो, पण आपली तिपाई कुठे तोंड करून उभी आहे, किंचित कलली आहे का, हे त्याला कुठून कळणार? ते आपण सांगायचं असतं, तारे दाखवून. एक तारा पुरत नाही. भिंतीवर एकाच खिळ्याने ठोकलेला पुठ्ठा त्या खिळ्याभोवती गरगरतो, तसं एका ताऱ्याभोवती आकाश फिरतं राहतं. दुसरा खिळा मारला की पुठ्ठा बसतो. मात्र ते दोन खिळे शेजारी शेजारी मारून उपयोग नाही. तारे एकमेकांपासून दूर हवेत, क्षितिजाला टेकलेले नकोत, कारण तिथली दाट हवा त्यांना आहेत त्यापेक्षा वर उचलून दाखवते. अगदी डोक्यावरचेही नकोत, कारण माथ्यावरच्या ताऱ्याला दिशाच उरत नाही. म्हणून रोहिणी सोडली. अगस्ती दक्षिणेला फार खाली होता, तोही सोडला, थोडं वाईट वाटलं. उत्तरेचा ब्रह्महृदय आणि आग्नेयेचा व्याध घेतला.

मग मध्यावर आणणं. फाइंडरच्या लाल ठिपक्यात तारा घ्यायचा, आयपीसमध्ये बघायचं, मुद्दाम फोकस बिघडवायचा. ताऱ्याची बांगडीसारखी मोठी तबकडी होते आणि ती बरोबर मध्ये आहे की नाही हे नजरेला कळतं. शेवटचा धक्का नेहमी वरच्या आणि उजव्याच बटणाने द्यायचा, म्हणजे दात्यांमधली ढिलाई एकाच बाजूला राहते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि त्याआधीची दोन वर्षं मी यंत्राला उगाच दोष देत होतो.

पडद्यावर अलाइनमेंट जमल्याची ओळ आली. मी कर्क तेजोमेघाचा क्रमांक दाबला. मोटरी घरघरल्या, नळी वृषभाच्या शिंगाकडे वळली आणि थांबली. आयपीसमध्ये श्वास सोडल्यावर काचेवर उमटते तशी फिकट वाफ होती. 6,500 प्रकाशवर्षांवरची. दोन हिवाळ्यांत जे जमलं नाही ते पाऊण मिनिटात समोर आलं. पुढच्या अमावास्येला मी जुनी सहा इंची घेऊन गेलो आणि शिंगाच्या टोकाच्या ताऱ्यापासून साधारण अंशभर सरकून तो तेजोमेघ स्वतः गाठला. आता डोळे मिटूनही जागा सांगेन. यंत्राने मला शिकवलं, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

अनेक वर्षांनी एका कॉलेजातल्या मुलाला ही दुर्बीण लावायला दिली. तीनदा अलाइनमेंट फसली. यंत्र दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर मोजून आपल्याकडच्या आकड्याशी ताडून बघतं. जुळलं नाही की नाकारतं. मुलगा वैतागून बॅटरीला दोष देत होता. मी नुसतं विचारलं, "पुनर्वसूतला कुठला घेतलास?" त्याने पोलक्स म्हणून कॅस्टर दिला होता. दोघांत साडेचार अंशांचं अंतर. "पिवळसर तो पोलक्स, पांढरा तो कॅस्टर," मी म्हटलं. तो बराच वेळ नुसत्या डोळ्यांनी बघत राहिला. दुर्बीण बाजूलाच होती. मला वाटतं, त्या रात्री त्याने खरं आकाश पाहिलं ते तेव्हा.

21 डिसेंबर 2020 ची संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही. गुरू आणि शनी आकाशात एकमेकांपासून सहा कलांवर आले होते, 1623 नंतर इतके जवळ पहिल्यांदाच. दिवस करोनाचे, गच्चीवर शेजारी तोंडाला फडकी बांधून अंतर राखून उभे. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, आकाश अजून फिकट निळं, आणि दोन्ही ग्रह नैर्ऋत्येला उतरत चाललेले. सगळे तारे उगवेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. अशा संधिप्रकाशात वायव्येला अभिजित कुठे असणार आणि दक्षिणेकडे मीनास्य कुठे, हे आधीच ठाऊक असावं लागतं. मग तिथेच बघितलं की ठिपका दिसतो. दोन तारे, पाच मिनिटं. तळमजल्यावरच्या काकूंनी पहिल्यांदा डोळा लावला आणि मागे वळून म्हणाल्या, "अहो, कडं दिसतंय! आणि बाजूला चंद्रपण!" एकाच वर्तुळात शनीची कडी आणि गुरूचे चंद्र. त्यांच्या मागे सत्तावीस माणसं होती, मी मोजली.

आता अशा दुर्बिणी आल्या आहेत ज्यांना कुणी तारा सांगावा लागत नाही. त्या स्वतःच आकाशाचा फोटो काढतात, ठिपक्यांची ठेवण आपल्याकडच्या नकाशाशी जुळवतात आणि आपण कुठे बघतोय ते ओळखतात. फोनवर चित्र येतं. शहरातल्या उजेडात, म्हाताऱ्या डोळ्यांना त्या उपयोगी आहेत, आणि वांगणीच्या क्षितिजावरही उजेड चढत असताना त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. मुलगी एक घेऊन देते म्हणाली. मी नको म्हटलं. दुर्बीण लावतानाची ती दहा मिनिटं, मान वर करून दोन तारे निवडण्याची, मला कुणालाही देऊन टाकायची नाहीत. त्या दहा मिनिटांत मी खळ्यात असतो.

तुम्हाला दुर्बीण घ्यायची असेल तर जरूर घ्या. पण तिच्याआधी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांना द्या. फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. वर सगळ्यांत तेजस्वी दिसेल तो व्याध. त्याच्या बराच खाली, घरांच्या नाहीतर झाडांच्या शेंड्यांवर दुसरा तेजस्वी तारा दिसेल. तो अगस्ती. पोरं जागी असतील तर त्यांनाही बाहेर बोलवा.