गाव कोणतं, आडनाव काय?

पुण्याच्या आयटीवाल्याला नाशिक म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, मिसळ आणि द्राक्षाचे मळे. अंतर 210 किलोमीटर, पण ते कागदावर. खरं अंतर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मोजायचं. चाकण पार झालं की अर्धं नाशिक आलं असं समजावं, नारायणगाव-आळेफाटा-संगमनेर मग पटापट मागे पडतात.

या वीकांताचं कारण मात्र मिसळ नव्हतं. गेल्या वर्षी मामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "नाशिकला जाऊन आमच्या वहीत एकदा बघून यायचंय." आता वही म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या असतात. तुमच्या घराण्यातलं कोणी नाशिकला क्रियाकर्मासाठी किंवा नुसतं यात्रेला येऊन गेलं असेल, तर त्याचं नाव, वडिलांचं नाव, भाऊ, मुलं, आल्याची तारीख, सगळं तिथे नोंदलेलं असतं. पुष्कळदा त्याच्याच हस्ताक्षरात. जुनी पानं तर चक्क मोडीत. आमच्या भाषेत बोलायचं तर शेकडो वर्षं चालू असलेला डेटाबेस, आधी गाव, मग आडनाव असा इंडेक्स. डाउनटाइम शून्य!

तर झालं असं की पोचल्यापोचल्या हॉटेलवाल्याने पहिला दणका दिला. फोनवर 'खिडकीतून नदी दिसते' म्हणाला होता. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती. तेही पाणीच म्हणा :-) घाटाजवळ गाडी लावायला गेलो तर पावती न देता दुप्पट पैसे मागणारा एक जण भेटला. आणि घाटावर पाऊल ठेवताच चारही बाजूंनी प्रश्न, "गाव कोणतं? आडनाव काय?" एक तर दोनशे पावलं मागे लागला होता. आईने माहेरचं गाव सांगितलं (कराडजवळचं एक खेडं), आणि गंमत म्हणजे त्याच माणसाने पैसेबियसे न घेता आम्हाला बरोब्बर घरी नेऊन सोडलं. "तुमचं गाव ह्यांच्याकडे," म्हणाला आणि गेलासुद्धा.

जुना वाडा, लाकडी जिना, वर कपाटात लाल कापडात बांधलेल्या वह्या. मी विचारलं, "गुरुजी, पूर आला की काय करता?" ते हसले. "पाणी चढायला लागलं की आधी वह्या वर, मग आम्ही." 2019 च्या ऑगस्टमध्ये घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. नाशिककर पूर मीटरमध्ये सांगत नाहीत, मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं असं सांगतात.

दहा मिनिटांत पान सापडलं. 1974. आजोबांचं वळणदार अक्षर. त्यांचे वडील, दोन भाऊ, आणि मुलगा म्हणजे आमचा मामा. शेवटी दोन शब्द, 'सहकुटुंब हजर'. आई ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत राहिली. त्या यात्रेला ती होती. नऊ वर्षांची. घाटावर तिची एक चप्पल वाहून गेली होती म्हणून आजीने मारलेली चापट तिला अजून आठवते. पण पानावर ती नव्हती. आजीही नव्हती. दोघी त्या 'सहकुटुंब'मध्ये.

"मुलींची लिहीत नसत पूर्वी," गुरुजी जरा अवघडून म्हणाले. "त्यांची नावं सासरच्या वहीत." मग पेन पुढे करून म्हणाले, "आता लिहा ना ताई. मी कुठे अडवलंय?"

आईने आधी मामाचं नाव लिहून त्यापुढे तो गेल्याची तारीख घातली. मग आजीचं नाव. मग स्वतःचं. आणि मग माझं. माझ्यापाशी थांबली. "तुझं आडनाव कुठलं घालू गं? आपलं की तुझ्या सासरचं?" मी म्हटलं, घालूच नकोस. गुरुजींना ते पटेना. "आडनावाशिवाय सापडणार कसं?" यावर आई म्हणाली, "ह्याच पानावर आहे ना, मग सापडेल." खरंच होतं. त्या पानापर्यंत यायला आजोबांचं आडनाव पुरेसं होतं.

संध्याकाळी पंचवटीतच काळाराम मंदिरात गेलो. काळ्या दगडाचं देखणं देऊळ. याच दारापुढे 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. दुपारचं ते पान डोक्यात असल्यामुळे असेल, पण त्या दाराकडे मी जरा जास्त वेळ बघत राहिले. आमच्या घरच्या दोघींना निदान 'सहकुटुंब' तरी मिळालं होतं. इथे लोकांना दारच बंद होतं.

आता नदीबद्दल. नाशिककर गोदावरीला प्रेमाने गंगाच म्हणतात, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. ती उगम पावते तीसेक किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. पुढे 1,465 किलोमीटर धावून बंगालच्या उपसागराला मिळायचंय तिला, म्हणजे नाशिकला ती अजून लहान मुलगीच आहे. आणि त्या लहान मुलीची अवस्था आम्ही पाहिली ती अशी: हिरवट पाणी, निर्माल्याच्या पिशव्या, साबणाचा फेस, काठाने काँक्रीटच काँक्रीट. आईने ओंजळ भरून पाणी घेतलं, क्षणभर बघितलं आणि डोळ्यांना न लावता तसंच सोडून दिलं. काही बोलली नाही. पूर आला की वह्या माडीवर नेता येतात, नदी कुठे नेणार? 2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, पुन्हा कोट्यवधींची कामं निघतील. त्यातलं घाटावर किती आणि पाण्यावर किती, एवढं जरी कोणी नीट लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

असो. मिसळ अप्रतिम होती, सोबत पापड आणि दही, त्याबद्दल तक्रार नाही. आणि तुम्ही पुढच्या एखाद्या वीकांताला नाशिकला निघालात, तर आईला तिच्या माहेरचं मूळ गाव तेवढं विचारून घ्या. जमलं तर तिलाच बरोबर न्या. पेन तिथे मिळतं.