सातबाऱ्यावर न लागणारी इस्टेट

आपल्याकडे माणूस गेला की तेरावं उरकतं न उरकतं तोच कागद निघतात. एफडी, एलआयसी, सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. नाव कुणाचं लावायचं यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद होतात. पण 'गेमिंग अकाऊंट कुणाच्या नावावर करायचं हो?' असं कुणी वकिलाला विचारल्याचं निदान माझ्या ऐकण्यात तरी नाही.

उत्तर तसं सोपं आहे: कुणाच्याच नाही. मे २०२४ मध्ये एका गेमरने स्टीमच्या सपोर्टला सरळ विचारलं, की मृत्युपत्रात अकाऊंट कुणाला देऊन जाता येईल का? उत्तर आलं, नाही. जालावर बराच गदारोळ झाला, पण करारात अकाऊंट दुसऱ्याला देता येत नाही हे आधीपासूनच होतं. आपण तो वाचत नाही, 'आय ॲग्री'वर टिचकी मारून मोकळे होतो, ही गोष्ट वेगळी :) त्याचं नावच मुळी सबस्क्रायबर ॲग्रीमेंट. म्हणजे आपण मालक नाहीच, वर्गणीदार! सेलमध्ये हावरटासारखे घेतलेले गेम हे फक्त लायसन्स. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाल्यावर ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरायच्या पानावर तसं लिहूनही येऊ लागलं. जीओजी नावाचं दुसरं दुकान जरा बरं. कोर्टाचा तसा आदेश आणलात तर प्रयत्न करू, असं ते तेव्हा म्हणाले होते. शिवाय त्यांचे इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतात.

आपल्या कायद्याची तर अजून गंमत. २०००च्या आयटी ॲक्टमधून मृत्युपत्र वगळलेलं आहे, त्यामुळे ते कागदावरच हवं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १४ मध्ये नॉमिनी नेमायची सोय केली आहे, पण ती आपल्या माहितीवरच्या हक्कांसाठी. गेम्सचं नावही नाही त्यात. असो.

हे सगळं मी का खोदत बसलो? तर माझा आत्येभाऊ. तीन वर्षांपूर्वी गेला, एकतिसाव्या वर्षी. मे महिन्याच्या सुट्टीत एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं बसायचो, ॲरो की माझ्या, बाकी सगळा कीबोर्ड दादाचा. तेव्हा सगळ्या सीड्या लॅमिंग्टन रोडवरच्या, अर्थात चोरीच्या. नोकरी लागल्यावर मात्र त्याने जाहीर केलं, "पगार येतो ना आता? मग फुकटचं खेळायचं नाही." आणि खरंच १४० गेम पैसे मोजून घेतले.

आता विनोद बघा. त्या चोरीच्या सीड्या आत्याच्या कपाटात अजून आहेत. उद्या मी त्या कुणालाही देऊ शकतो. प्रामाणिकपणे घेतलेले १४० मात्र कागदोपत्री त्याच्याबरोबरच संपले. पासवर्ड वहीत आहे, पण तो वापरणंही करारात बसत नाही. इंजिनियर म्हणून मला हे लॉजिक कळतं. पुतण्याच्या.. सॉरी, भावाच्या नात्याने अजिबात कळत नाही.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. स्नायूंच्या आजाराने २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटायचं, पोरगं एकटं पडलं, सगळं आयुष्य वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये गेलं. वडिलांकडे त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड होता म्हणून त्यांनी तिथे बातमी टाकली, आणि देशोदेशींच्या गेमर्सची पत्रं यायला लागली. हा आमचा किती जवळचा मित्र होता, म्हणून. त्याच्यावर २०२४ मध्ये बेंजामिन रे यांची डॉक्युमेंटरी आली, जरूर पाहा. मला मात्र पाहताना एकच किडा चावत होता.. पासवर्ड नसता तर?

आत्याला अकाऊंट वगैरे काही नको होतं. तिला हवं होतं शेत. दादा शेवटी शेवटी स्टारड्यू व्हॅली खेळायचा. २०१६चा गेम, शेती करायची, मासे धरायचे, गावातल्यांशी गप्पा मारायच्या. आत्या शेतकऱ्याची मुलगी. मागे खुर्ची टाकून बसायची आणि "अरे पाणी दे की आधी" म्हणून ओरडायची. गेल्या महिन्यात मला म्हणाली, "त्याची ती निळी फळं वाळून गेली असतील ना रे?"

नाही गेली. हा गेम बंद असला की तिथला दिवस पुढे सरकत नाही. आणि सेव्ह गेम ही साधी फाईल असते, ॲपडेटा फोल्डरमध्ये. मी माझी स्वतःची कॉपी विकत घेतली, दादाच्या पीसीवरून तो फोल्डर पेनड्राईव्हवर आणला, माझ्या लॅपटॉपवर टाकला. पासवर्डला हातही लावावा लागला नाही. उन्हाळा, १३ तारीख. ब्लूबेरी तयार, कुत्रा दारात.

शनिवारी लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून सगळं शेत नीट बघितलं. मी विचारलं, तोडू का फळं? तोडून झोपलं की तारीख पुढे जाते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आज नको. ठेव तसंच." मग म्हणाली, "पण कसं तोडायचं ते मला शिकवून जा."