गुप्तवार्ता: इशाऱ्यापासून निर्णयापर्यंत

राज्यकर्त्यांनी निर्णय घ्यावा म्हणून मिळवलेली, पडताळलेली आणि अर्थ लावलेली माहिती म्हणजे गुप्तवार्ता. या व्याख्येत तीन कामे आहेत आणि ती वेगवेगळ्या माणसांनी करायची असतात. एकाने माहिती मिळवायची, दुसऱ्याने ती जोखायची, तिसऱ्याने तिच्यावर निर्णय घ्यायचा. मराठी वाचकाला यांतला पहिलाच ठाऊक असतो. बहिर्जी नाईकांपासून हिंदी चित्रपटांतल्या हेरांपर्यंत सगळी कीर्ती वेषांतर करणाऱ्याच्या वाट्याला आली. दिल्लीतल्या ज्येष्ठ अधिकाऱ्याचा दिवस मात्र वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. शंभर कागद वाचून दीड पानाचे टिपण करायचे, आणि त्यात आपल्याला काय माहीत आहे, काय वाटते आणि काय मुळीच कळलेले नाही हे वेगवेगळे मांडायचे, हे त्याचे खरे काम.

यंत्रणेची रचना थोडक्यात अशी. इंटेलिजन्स ब्युरोची मुळे 1887 पर्यंत जातात. तो गृह मंत्रालयाखाली देशांतर्गत माहिती पाहतो. 21 सप्टेंबर 1968 रोजी परदेशातले काम त्यापासून वेगळे झाले आणि रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली रॉ उभी राहिली. सैन्यदलांच्या आपापल्या शाखा आहेत, राज्यात राज्य गुप्तवार्ता विभाग आहे. हे सगळे प्रवाह एकत्र वाचून एकच मत बनवण्यासाठी 2018 पर्यंत स्वतंत्र संयुक्त गुप्तवार्ता समिती होती.

माहिती जोखण्याची जुनी ब्रिटिश पद्धत आजही उपयोगी पडते. तिच्यात स्रोताचा भरवसा एका अक्षराने दाखवतात आणि माहितीची संभवनीयता एका आकड्याने. दोन्ही निर्णय स्वतंत्र ठेवायचे असतात, कारण भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणतो आणि लबाड माणूस कधी खरी. जिनमध्ये गाडी कोणाची यावर कापसाची प्रत ठरत नाही, मूठभर कापूस उचलून धागा पाहावा लागतो, तसे हे आहे. शिवाय एकच बातमी तीन कार्यालयांतून आली तर ती तीनदा सिद्ध होत नाही. बहुधा तिन्ही कार्यालयांचा मूळ माणूस एकच निघतो.

खानदेशाला या शास्त्राचा जुना परिचय आहे. 1818 मध्ये कंपनी सरकारने हा प्रांत घेतला, तेव्हा सातमाळा आणि सातपुड्यातल्या भिल्लांविरुद्ध फौजा पाठवूनही काही वर्षे हाती फारसे लागले नाही. 1825 मध्ये धोरण बदलले. कन्नडला ओव्हान्सकडे भिल्ल एजंटाचे काम आले आणि जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. डोंगरवाटा, पाणवठे, नायकांची नातीगोती आणि वैरे ज्यांना ठाऊक होती, तेच लोक नोकरीत घेतले गेले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट आजही औट्रमच्या नावाने ओळखला जातो. ही माहिती परक्या सत्तेने लोकांना अंकित करण्यासाठी वापरली, हे विसरता कामा नये. पण माहिती मिळवणारा आणि तिच्यावर निर्णय घेणारा यांच्यातले अंतर कमी झाले, म्हणून ते धोरण चालले, हेही तितकेच खरे आहे.

ते अंतर वाढले की काय होते, याचे उदाहरण 1962 चे चीनयुद्ध. त्या काळी चीनविषयीची माहिती मुख्यतः भोलानाथ मलिक यांच्या इंटेलिजन्स ब्युरोकडून येत होती आणि तिचा अर्थही बऱ्याच अंशी तेथेच लावला जात होता. सीमेवर पुढे चौक्या टाकल्या तरी चीन बळाचा वापर करणार नाही, हे मत अशा रीतीने धोरणाचा पाया बनले. चिनी रस्ते, ठाणी आणि हालचाली यांच्या बातम्या येत होत्या. त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र चुकला. ज्याने माहिती आणली, त्याला तिच्याबद्दल ममत्व असते. म्हणून ती जोखण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये, हा या क्षेत्रातला पहिला नियम आहे. 1962 चा दोष एकट्या मलिकांवर टाकणारेही चुकतात, कारण त्या मताला आव्हान देण्याची ताकद असलेली दुसरी संस्था सरकारने उभीच केली नव्हती.

नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून उराशी धरले आहे. पण 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी लोकसभेत केलेले निवेदन किती मराठी माणसांनी वाचले असेल? लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांच्या चौकशीचे निष्कर्ष त्यांनी त्यात सांगितले. गुप्तवार्तेविषयी त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: माहिती गोळा करणे, तिचे मूल्यमापन आणि ती योग्य ठिकाणी पोहोचवणे. माहिती संथपणे मिळाली आणि अहवाल मोघम होते, हे त्यांनी संसदेपुढे कबूल केले. स्वतःच्या सरकारचा असा हिशेब मांडणारा मंत्री दुर्मीळ, आणि त्याबद्दल महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. तरीही त्या चौकशीची कक्षा सैन्यापुरती होती. मंत्रिमंडळात धोरण कसे ठरले आणि ब्युरोने आपले मत कसे बनवले, हे तिच्या बाहेर राहिले. मूळ प्रश्नाची चौकशी झालीच नाही.

चव्हाणांच्या काळात संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आली. 1964 ते 1969 या काळासाठीच्या या योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि 45 स्क्वॉड्रनचे हवाई दल ही उद्दिष्टे होती. संरक्षण धोरण म्हणजे दिल्लीतली दूरची गोष्ट, असे मानणाऱ्या खानदेशी वाचकाने वरणगावचा आयुध कारखाना आठवावा. तो 1964 चा, युद्धानंतर दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्याच्या त्याच धडपडीतला. भुसावळचा 1949 चा, त्याहून जुना. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेला आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. शत्रूची ताकद किती याचा दिल्लीतला अंदाज अशा कारखान्यांच्या पाळ्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

1999 च्या कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने जे दाखवले ते 1962 च्या जवळचेच होते. जून 1998 मध्ये ब्युरोने नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल एक अहवाल पाठवला होता. तो पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांपर्यंत गेला. रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, म्हणजे ज्यांनी तो इतर माहितीशी ताडून पाहायचा, त्या तिघांना तो थेट पाठवला गेला नाही. संयुक्त समितीला सरकारी व्यवस्थेत मान नाही आणि तिचे अध्यक्षपद अनेकदा वरचे पद हुकलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, असेही सुब्रह्मण्यम समितीने नोंदवले. पुढे या सुधारणांसाठी सरकारने नेमलेल्या मंत्रिगटाच्या मदतीला चार कृतिदले नेमली गेली. सीमा व्यवस्थापनाचे दल माधव गोडबोले यांच्याकडे होते. 2002 मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आली. मंत्रिगटाने 2001 मध्ये सुचवलेले संरक्षण दल प्रमुखांचे पद भरायला मात्र 1 जानेवारी 2020 उजाडला.

मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. प्रधान हे चव्हाणांचे खासगी सचिव म्हणून 1962 चा धक्का जवळून पाहिलेले अधिकारी, पुढे केंद्रीय गृहसचिव झालेले. समितीला ऑगस्ट 2006 पासूनचे 26 इशारे आढळले. सहांमध्ये समुद्रमार्गाचा उल्लेख होता, अकरांमध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्यांचा. वर्तमानपत्रांनी यावरून ‘इशारा होता, पोलीस झोपले’ अशा आशयाचे मथळे दिले. हा मथळा सोपा आहे आणि दिशाभूल करणारा आहे. दोन वर्षांत विखुरलेल्या 26 कागदांपैकी एकावरही हल्ल्याचा दिवस लिहिलेला नव्हता. ते सगळे एका टेबलावर ठेवून एकत्र वाचण्याचे काम मात्र राज्यात कोणाचेच नव्हते, आणि प्रधान समितीचा रोख नेमका तिथे होता.

याला आणखी एक बाजू आहे. प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘इशारा दिला होता का’ एवढेच विचारले जाते, म्हणून प्रत्येक कार्यालय स्वतःच्या बचावासाठी इशारे पाठवत राहते. ‘सतर्क राहावे’ असे शेवटी लिहिले की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते आणि ठाणेदाराची सुरू होते. नाकाबंदीसाठी चार शिपाई असलेल्या ठाण्याने असे दहा कागद आल्यावर काय करायचे, हे कोणी सांगत नाही. इशारे वाढले की सुरक्षितता वाढते, हा समज घातक आहे. चांगला विश्लेषक शंभरांतले पंच्याण्णव कागद बाजूला ठेवण्याची जबाबदारी स्वतः घेतो, आणि चुकला तर त्याला शिक्षा होते. न चुकल्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून हुशार माणसे या कामात टिकत नाहीत, आणि ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी हानी आहे.

इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ या दोन्ही संस्था संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत आणि त्यांच्यावर संसदीय समितीची देखरेख नाही. त्यामुळे चुका बाहेरून तपासल्या जाण्याचा मार्ग एकच उरतो, चौकशी अहवालांचा. कारगिलचा अहवाल काही भाग वगळून संसदेपुढे ठेवला गेला. त्याने आकाश कोसळले नाही, उलट सुधारणा झाल्या. हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने अजून जाहीर केलेला नाही. 2010 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या महत्त्वाचा असल्याचे कारण दिले, आणि 2014 मध्ये त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकाराने उघड केला. आपल्याच युद्धाचा अहवाल भारतीय अभ्यासकाने परक्याच्या हातून वाचावा, हे योग्य नाही. संरक्षण मंत्रालयाने तो अधिकृतपणे प्रसिद्ध करावा, आणि चव्हाणांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरावी.