खासबागेंतील एक संध्याकाळ

करवीर क्षेत्रीं जाणारा यात्रेकरू अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्याच्या कांठीं घटकाभर बसतो आणि गांवीं परततो. माझ्याहि आजवरच्या चार-पांच फेऱ्या अशाच झाल्या. गेल्या मार्गशीर्षांत मात्र बरोबर बारा वर्षांचा नातू होता. त्याच्या हट्टामुळें कोल्हापुरांतील एक निराळें तीर्थ पाहावयास मिळालें. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

देवळांतून बाहेर पडतांच चिरंजीवांनीं विचारलें, "आजोबा, स्वप्नील कुसाळेचें गांव येथून किती दूर?" राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या या शिक्षकपुत्रानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या घरीं त्याचें नांव मुलांच्या तोंडीं आहे. ज्यांच्याकडे उतरलों होतों ते स्नेही हंसून म्हणाले, "कांबळवाडी राहूं द्या. त्याच्या आधीं महाराष्ट्राच्या खेळाडूनें ऑलिंपिकांत वैयक्तिक पदक मिळविलें त्याला तेव्हां ७२ वर्षें झालीं होतीं. त्या पदकाची माती येथेंच आहे. चला, खासबागेंत जाऊं."

खासबाग मैदान छत्रपति शाहू महाराजांनीं बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. १९०२ सालीं महाराज विलायतेस गेले असतां त्यांनीं रोम येथील प्राचीन क्रीडांगण पाहिलें, आणि तसें कांहीं आपल्या मल्लांसाठीं असावें असें त्यांच्या मनांत आलें, असें सांगतात. मधोमध आखाडा आणि सभोंवार चढत गेलेली बैठक. पुढच्या माणसामुळें मागच्याची दृष्टि अडूं नये अशी ही रचना आहे. आम्ही गेलों तेव्हां मैदान रिकामें होतें. स्नेह्यांनीं मुलाला माती कशी तयार करतात तें सांगितलें: तांबडी माती चाळावयाची, तींत तेल, ताक, लिंबू व हळद घालावयाची, आणि रोज पहांटे खोऱ्यानें उकरून ती मऊ करावयाची. मुलानें चिमूटभर माती रुमालांत बांधून घेतली. मीं मना केलें नाहीं.

मग तेथेंच एका पायरीवर बसून खाशाबा जाधवांची कथा निघाली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिक्षण झाल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आले. शरीर ठेंगणें व सडपातळ, पण अंगांत चपळाई विलक्षण. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकांत उतरले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनीं केला. तांबड्या मातींत वाढलेल्या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची संवय कोठून असणार? तरीहि आपल्या वजनी गटांत त्यांनीं सहावा क्रमांक पटकाविला.

पुढचें ऑलिंपिक १९५२ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी येथें होतें. निवडींत डावललें गेल्यावर खाशाबांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हां कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली. परंतु जाण्याचा खर्च? गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीला खाशाबांनीं कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांस हरविलें. जपानच्या शोहाची इशीशीं दीर्घकाळ झुंजून ते हरले. हाच इशी पुढें सुवर्णपदकाचा मानकरी झाला. ती कुस्ती संपते न संपते तोंच त्यांना रशियाच्या मल्लासमोर उभें करण्यांत आलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति द्यावी असा नियम होता. पण तो दाखवून भांडावयास भारताचा एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता. तरी कांस्यपदक हातीं आलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठीं देशाला १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबांनीं काय केलें? कोल्हापुरांत कुस्त्यांचें मैदान भरविलें, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून गुरुजींचें घर सोडवून दिलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ चें ऑलिंपिक हुकलें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, खाशाबा हरले असते तर प्राचार्यांचें घर गेलें असतें ना?"

"गेलें असतें," मी म्हणालों.

"हें त्यांना ठाऊक नव्हतें?"

"ठाऊक होतें."

एवढें बोलून मी थांबलों, कारण मला दुसरेंच कांहीं आठवलें होतें. माझ्या हाताखालचा एक मुलगा जिल्ह्याच्या शर्यतींत पहिला आला होता. पुढच्या शर्यतीस परगांवीं जावयाचें, म्हणून गाडीभाड्यापुरते पैसे मागावयास तो माझ्या दारीं आला. 'आधीं परीक्षेकडे लक्ष दे' असा उपदेश करून मीं त्यास परत धाडलें. पैसे घरांत होते. तो शर्यतीला गेला नाहीं आणि परीक्षेलाहि बसला नाहीं. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून खेळाला अभ्यासाचा वैरी समजतात. मीहि तसेंच समजत होतों. शिकविण्यांत माझा जन्म गेला, पण शिष्यासाठीं आपलें कांहीं पणाला लावावें लागतें हें मला त्या पायरीवर कळलें.

दुसऱ्या दिवशीं परततांना वाटेंत कऱ्हाड लागलें. रस्ता थोडा वांकडा करून आम्ही गोळेश्वरीं गेलों. मुलानें रुमालांतली माती काढली, तेथल्या मातींत थोडी मिसळली, आणि पुन्हां बांधून खिशांत ठेवली.

ती आतां आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यांत आहे. घरीं आल्यावर चार ठिकाणीं चौकशी करून मीं त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला व त्यास पत्र लिहिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.