विकलेल्या मालाची जबाबदारी

एकदा विकलेला माल दुकानाच्या पायरीवर पुन्हा येतो, तो बहुधा तक्रार घेऊनच येतो. पाव शतकापूर्वी विकलेला माल कारखानदाराने स्वतः बाजारात हिंडून परत विकत घ्यावा, तो सुटा सुटा करून नव्याने बांधावा आणि आपल्याच विक्रेत्यांच्या दालनात नव्या मालाशेजारी हमीसह मांडावा, असे मात्र क्वचितच घडते. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत निस्सान या जपानी कंपनीने नेमके हेच केले. माल होता डॅटसन २४०-झेड. दोन आसनांची, लांब नाकाची, मागे उतरत्या छपराची ही स्पोर्ट्स कार कंपनीने १९७० ते १९७२ या वर्षांत अमेरिकेत विकलेली होती. हा उद्योग पुरता फायद्याचा ठरला नाही. परंतु एखाद्या व्यवहाराकडे केवळ ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीवरून पाहण्याची सवय असलेल्यांनीही तो एकदा सविस्तर पाहावा, इतके त्यात आहे.

ही गाडी जपानमध्ये १९६९ च्या शरद ऋतूत ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली. योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखालील छोट्या गटाने तिचे रूप घडवले होते. अमेरिकेतील विक्रीची सूत्रे युताका कातायामा यांच्याकडे होती. १९०९ साली जन्मलेले हे गृहस्थ १९६० मध्ये कंपनीने अमेरिकेला पाठवले, तेव्हा जपानी मोटारीला तेथे कोणी गांभीर्याने घेत नसे. गाडी विकण्याआधी विक्रेत्याकडे तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय असली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. एका संगीत नाटकावरून ठेवलेले ‘फेअरलेडी’ हे नाव अमेरिकन तरुणाला रुचणार नाही, हे त्यांनी ओळखले. आलेल्या गाड्यांवरील नावाच्या पट्ट्या काढून त्यांनी कंपनीचा अंतर्गत क्रमांकच, ‘२४०-झेड’, तेथे लावला, असे सांगितले जाते. वरिष्ठांची परवानगी मागत बसले असते तर कदाचित ती मिळालीही नसती.

किंमत ठरली ३,५२६ डॉलर. त्या काळी जॅग्वार कंपनीच्या ई-टाइप गाडीला पाच हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत. या पैशात ग्राहकाला २,३९३ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, दोन कार्बोरेटर, पुढे डिस्क ब्रेक आणि चारही चाकांना स्वतंत्र निलंबन मिळत असे. गिऱ्हाईक रांगा लावून उभे राहिले. या मालिकेच्या गाड्या १९७८ पर्यंत बनत राहिल्या आणि जगभरात त्यांची विक्री पाच लाखांच्या पलीकडे गेली. स्वस्त आणि टिकाऊ एवढीच ओळख असलेल्या जपानी मालाला हौसेचा माल म्हणून मान मिळाला तो मोठ्या प्रमाणावर या गाडीमुळे.

पुढे गाडीच्या पिढ्या बदलत गेल्या, ती जड झाली, महाग झाली आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील तिची विक्री थांबली. दालनात झेड नाही, नवी यायला काही वर्षे लागणार, आणि जुने चाहते तर वाट पाहत आहेत. या पोकळीत कंपनीने जुन्याच गाड्या पुन्हा उभ्या करण्याची योजना आखली. सुस्थितीतील २४०-झेड विकत घ्यायच्या, कॅलिफोर्नियातील निवडक कुशल कार्यशाळांकडे सोपवायच्या आणि तयार झालेली गाडी सुमारे २५ हजार डॉलरांना, वर्षभराच्या हमीसह विकायची. कागदावर हिशेब सोपा होता. हिशेब फसला तो पत्र्याखाली.

या गाडीचे इंजिन मोठे काटक. तिचा शत्रू एकच, गंज. तेव्हाचा पत्रा पातळ होता आणि त्याला गंजरोधक संरक्षण जेमतेमच होते. बॅटरीच्या खालचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो, काचेखालच्या खाचेत पाणी साचते, जमिनीचा पत्रा आणि त्याखालून जाणारे पोकळ आधार आतून कुजतात, आणि मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा तर जवळजवळ प्रत्येक गाडीत गेलेला असतो. बाहेरून हे काही दिसत नाही. कोणीतरी मधल्या काळात लांबी भरून, वर रंगाचा हात मारून गाडी चकचकीत केलेली असते. बुडीत कर्जावर नवे कर्ज देऊन खाते नियमित दाखवण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. रंग खरवडला आणि कण फवारून धातू उघडा केला, की खरी अवस्था कळते. तोवर कोणत्याही कारागिराने दिलेला खर्चाचा अंदाज हा केवळ अंदाजच असतो, आणि प्रामाणिक कारागीर तसे आधीच बजावतो.

मग काम सुरू होते. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक पट्टी काढून पिशवीत घालायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची, छायाचित्र काढून ठेवायचे. अठरा महिन्यांनी ही पिशवी पुन्हा उघडली जाईल तेव्हा स्मरणशक्ती उपयोगी पडत नाही, चिठ्ठीच उपयोगी पडते. इंजिन उतरवलेला सांगाडा एका फिरत्या चौकटीवर चढवतात, म्हणजे तो उलटा करून पोटाकडचे काम उभ्याने करता येते. कुजलेला पत्रा कापण्याआधी सांगाड्याला आतून तात्पुरते आधार जोडावे लागतात. अन्यथा जमीन कापताच दरवाजाची चौकट मिलिमीटरभर सरकते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही. नवा पत्रा थोडा थोडा, जागा बदलत बदलत जोडायचा, कारण एकाच ठिकाणी सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा वाकतो. दार, बॉनेट, मागचे झाकण हे सारे रंगापूर्वी एकदा बसवून पाहायचे, फटी सर्वत्र सारख्या आहेत का ते मोजायचे, आणि पुन्हा काढायचे. या एका पायरीला लागणारे तास ग्राहकाला बिलात दिसतात तेव्हा त्याच्या कपाळावर आठी उमटते. ही पायरी गाळलेली गाडी मात्र दुसऱ्याच दिवशी ओळखू येते.

सुट्या भागांची कथा वेगळी. येथे तीन प्रकारचा माल असतो. कंपनीने त्या काळी बनवलेला आणि कुठल्या तरी गोदामात न वापरता पडून राहिलेला. आजच्या एखाद्या छोट्या कारखान्याने नमुन्यावरून बनवलेला. आणि दुसऱ्या गाडीवरून काढलेला. पहिला सर्वांत महाग, पण रबराच्या बाबतीत तोही बेभरवशाचा, कारण रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. दुसऱ्या प्रकारात उत्तम आणि टाकाऊ दोन्ही सापडते. स्वस्तातला नवा पत्रा मूळ जागी बसवताना जेवढी ठोकाठोक करावी लागते तेवढ्या मजुरीत चांगला भाग आला असता, हा अनुभव जवळपास प्रत्येक मालकाला एकदा येतोच. मूळचे बोल्ट टाकून न देता पुन्हा मुलामा चढवून वापरणारे कारागीर आहेत. त्यांचा आग्रह अतिरेकी वाटतो खरा, परंतु मूळ बोल्टाचे माप आणि कस यांबद्दल शंका उरत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडता येत नाही.

काही प्रश्न पैशांनी सुटत नाहीत. उन्हाने तडकणारे डॅशबोर्ड हा या गाडीचा जुना दोष. तडा बुजवावा की सारे डॅशबोर्ड बदलावे? १९७३ च्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांमुळे वेगळे, चपट्या माथ्याचे कार्बोरेटर बसवले गेले. ते इतके नावडते ठरले की अनेक मालकांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल माथ्याचे बसवले. अशी गाडी पूर्ववत करायची म्हणजे कारखान्यातून निघाली तशी करायची, की जशी निघायला हवी होती तशी? मूळ रूपाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे नियम आहे, सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे रस्ता आहे. गाडी चालवण्यासाठी असते हे मान्य केले तर दुसऱ्यांचे पारडे थोडे जड होते. मात्र काढलेला भाग फेकून न देता जपून ठेवावा, एवढे तरी त्यांनी करावे.

निस्सानच्या योजनेत हा सारा खर्च विक्रीच्या किमतीत बसेना. एका गाडीमागे लागणारे श्रम अंदाजापेक्षा कितीतरी अधिक निघाले. चाळीसच्याही आत गाड्या पूर्ण झाल्या आणि काम आवरते घेण्यात आले. काहींच्या मते ही निव्वळ जाहिरात होती. तसे असेल तरी जाहिरातीसाठी कोणी जुन्या गाडीचे पोट पुन्हा जोडून देत नाही, हेही लक्षात घ्यावे. शिवाय चूक झाली ती हेतूत नव्हे, दर ठरवण्यात. आतील अवस्था पाहण्यापूर्वीच विक्रीची किंमत जाहीर केली गेली होती.

हीच गोष्ट इतर जपानी कंपन्यांनी निराळ्या रीतीने केली. होंडाने आपल्या ॲल्युमिनियमच्या अंगाच्या एन-एस-एक्स गाडीसाठी १९९३ पासूनच तोचिगी प्रांतात नूतनीकरणाची सोय ठेवली. गाडी मालकाचीच राहते, तो सांगेल तेवढे काम होते आणि तेवढेच पैसे लागतात. माझ्दाने १९८९ साली आणलेल्या छोट्या, उघड्या छताच्या रोडस्टरसाठी २०१७ मध्ये अशीच सेवा जाहीर केली. आधी मालकांना विचारले की तुम्हाला नेमके काय मिळत नाही, आणि मग मूळचे कापडी छत, लाकडी स्टिअरिंग असे भाग पुन्हा बनवून घेतले. टायरही सुटले नाहीत. ब्रिजस्टोनने त्या गाडीच्या मूळ टायरची नक्षी चौदा इंची आकारात पुन्हा काढली. टायर ही चटकन झिजणारी वस्तू. तिच्यासाठी जुना साचा पुन्हा घडवण्यात किती नफा असेल, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागणार नाही.

याच जपानमध्ये तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीला वार्षिक कर मात्र जास्त पडतो. सरकार जुनी गाडी काढा म्हणते आणि कारखानदार तिचे भाग नव्याने बनवून देतो. मालक कर भरतो आणि भागही घेतो.

२०२० च्या जानेवारीत १९७१ सालची एक २४०-झेड अमेरिकेतील लिलावात ३ लाख १० हजार डॉलरांना गेली. तिची पुनर्बांधणी झालेलीच नव्हती. जेमतेम एकवीस हजार मैल चाललेली ती गाडी कोणीतरी तशीच सांभाळली होती. हा आकडा ऐकून अनेकांनी आपापल्या शेडमधील गंजलेल्या गाड्यांवरचे ताडपत्र बाजूला सारले असेल. त्यांपैकी बहुतेकांचा खर्च कधीच वसूल होणार नाही, आणि हे कार्यशाळेत गाडी घेऊन येणाऱ्या मालकाला ठाऊक असते. तो वडिलांची गाडी आणतो, किंवा तरुणपणी परवडली नाही म्हणून साठीत घेतलेली आणतो. कारागीर बिलांची चळत पुढे ठेवतो. मालक ती उलटूनपालटून पाहतो आणि दाराच्या कडेची रबरी पट्टी अजून का आली नाही, एवढेच विचारतो.